गुरुवारची सभा आणि तिच्या आधीचे आठ दिवस

वडोदऱ्यातील एका देवस्थान न्यासाने चालवलेल्या व्यसनमुक्ती निवासाविषयी हे लिहीत आहे. माझे धाकटे दीर तेथे गेल्या वर्षी चाळीस दिवस राहिले आणि त्यानंतर त्यांच्याबरोबर मीही दर गुरुवारच्या सभेला जात आले आहे, त्यामुळे निवासाच्या आतला कारभार मला त्यांच्या सांगण्यावरून आणि बाहेरचा स्वतः पाहून माहीत झाला आहे. संस्थेचे नाव मी देत नाही. प्रवेशाच्या दिवशी ज्या कागदावर आमच्या सह्या घेतल्या, त्यात निवासाचे आणि निवासींचे नाव कोठेही प्रसिद्ध करू नये अशी अट आहे, आणि ज्यांची तीन पिढ्यांची वस्ती दांडिया बाजारात, म्हणजे येथील जुन्या मराठी भागात, आहे त्यांना या अटीचे कारण समजावून सांगावे लागणार नाही.

बाहेरगावच्या वाचकांसाठी मात्र एक गोष्ट आधी सांगायला हवी. गुजरातेत राज्यस्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे आणि तिच्यामागचा कायदा जुन्या मुंबई राज्याचा, १९४९ सालचा आहे. वैद्यकीय कारणावरून मिळणारा परवाना, बाहेरून आलेल्या पर्यटकांना मिळणारी सवलत असे काही अपवाद सोडले, तर येथे दारू पिणे हाच गुन्हा ठरतो. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या घरात दारुड्याची नुसती लाज वाटत असेल, तर आमच्याकडे लाजेच्या जोडीला पोलिसांचे भय असते. माल मिळत नाही असे अर्थातच नाही. पोटलीतली, म्हणजे पिशवीतली, देशी मिळते, बुटलेगर (चोरून दारू विकणारा) घरपोच इंग्लिशही आणून देतो, आणि त्या देशीत काय मिसळलेले असते याचा अनुभव राज्याने २००९ साली अहमदाबादेत आणि २०२२ साली बोटाद-धंधुका भागात, विषारी दारूने माणसे दगावली तेव्हा, घेतलेला आहे. परंतु जी वस्तू घरात असूच शकत नाही तिच्यामुळे घरातला माणूस आजारी आहे असे डॉक्टरांपुढे बोलायचे कसे, या पेचात आमची सहा-सात वर्षे गेली. सासूबाई शेवटपर्यंत "त्याला ॲसिडिटी आहे" असेच सांगत राहिल्या.

अशा घरांना देऊळ जवळचे वाटते, कारण देवळात केसपेपर निघत नाही. येथील धर्मसंप्रदायांचा व्यसनमुक्तीशी संबंधही जुना आहे. स्वामीनारायण संप्रदायाच्या पाच व्रतांत मद्यत्याग आहे आणि आपल्या वारकऱ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ पडली की मद्य-मांस सुटलेच पाहिजे, असा दंडक आहे. माझ्या आजेसासऱ्यांच्या धाकट्या भावाने आषाढी एकादशीला माळ घातली आणि त्यानंतर थेंब घेतला नाही, ही कथा आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली होती, की भावजींच्या बाबतीतही माळेने काम होईल असे आम्ही धरूनच चाललो होतो. आजेसासऱ्यांचा भाऊ सणासुदीला पिणारा होता आणि भावजींना सकाळी दात घासण्याआधी लागत असे, हा फरक त्या वेळी कोणाच्या ध्यानात आला नाही.

म्हणून आम्ही प्रथम गेलो ते एका वेगळ्याच ठिकाणी. तेही श्रद्धेच्या आधाराने चालणारे आणि तेही विनामूल्य. पहिल्याच संध्याकाळी तेथे भावजींच्या हातावर पाणी सोडून संकल्प करवला, रात्रीपासून दारू पूर्ण बंद केली आणि आम्हाला "आता चिंता सोडा" असे सांगून घरी पाठवले. डॉक्टर कोण, असे मी विचारले, तेव्हा समोरच्या सेवकाने भिंतीवरच्या तसबिरीकडे हात केला. दुसऱ्या रात्री दोन वाजता भावजींना आकडी आली. पलंगाच्या कडेवर डोके आपटून खोक पडली आणि तिसऱ्या दिवशी ते रुग्णालयात होते तेव्हा सख्ख्या भावाला ओळखत नव्हते, अंगावरच्या चादरीवरून मुंग्या झटकत होते. तेथील सेवक दुष्ट नव्हते, हे मी मुद्दाम नोंदवते; त्यांतल्या एकाने आपल्या मांडीवर भावजींचे डोके धरून तासभर नामजप केला. पण त्या तासात रुग्णवाहिका बोलवायला हवी होती.

पुढे जे डॉक्टरांकडून शिकले ते येथे लिहिते, कारण अशा कोणत्याही संस्थेची पारख करण्याची पहिली कसोटी मला त्यातच दिसते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तुटली, की शेवटच्या पेल्यानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरणे, घाम, मळमळ सुरू होते. आकडीचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत मोठा असतो. आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना जो भ्रम होतो, ज्याला डॉक्टर डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, त्यात उपचार न मिळाल्यास माणूस दगावू शकतो. यावर क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखी औषधे उतरत्या मात्रेने देतात आणि थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, टोचतात, कारण दीर्घकाळ पिणाऱ्याच्या शरीरात ते उरलेले नसते आणि त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होते. निग्रह कितीही मोठा असला तरी या चार-पाच दिवसांत तो उपयोगी पडत नाही.

आता ज्या निवासाविषयी लिहायचे आहे त्याच्याकडे वळते. त्यांचा पहिला नियम असा, की मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी असल्याशिवाय दारूच्या रुग्णाला आत घेत नाहीत. कारेलीबागेतले मानसिक आरोग्य रुग्णालय असो, सयाजीराव रुग्णालयाचा मानसोपचार विभाग असो की खासगी डॉक्टर, कोणाचीही चालते. पण विथड्रॉवल, म्हणजे दारू तुटल्यावरचा वर सांगितलेला त्रास, पार पडले आहे असे त्यात लिहिलेले असले पाहिजे. भावजींना येथे आणले ते पुन्हा प्यायला लागल्यानंतर. जूनमध्ये आकडी आली, गणपतीपर्यंत सगळे पूर्ववत झाले आणि अनंत चतुर्दशीनंतर आठ दिवस रुग्णालयात काढून आम्ही ती चिठ्ठी घेऊन येथे आलो. कार्यालयातल्या वयस्क विश्वस्तांनी चिठ्ठी चष्मा वर करून दोनदा वाचली आणि म्हणाले, "वहिनी, औषधांचे काम डॉक्टरांनी केले आहे. आमचे काम आता सुरू होते आणि ते यापेक्षा लांब आहे." मला संस्था पसंत पडली ती या वाक्यावर. तीत राहायची व्यवस्था कशी आहे, जेवण कसे आहे, हे मी नंतर पाहिले.

गोळ्यांच्या बाबतीतही येथे गोंधळ नाही. "गोळी ही पण नशाच" हे वाक्य धार्मिक केंद्रांतून मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे, की त्याची मला चीड येते. येथे सकाळच्या आरतीनंतर प्रत्येकाच्या हातात त्याची डबी येते आणि गोळी घेतल्याची वहीत नोंद होते. ब्राउन शुगरच्या, म्हणजे भेसळीच्या हेरॉइनच्या, रुग्णांबाबत तर ते अधिकच काटेकोर आहेत आणि ते योग्यच आहे. अफूजन्य पदार्थांचे विथड्रॉवल भयंकर त्रासाचे असले तरी त्याने सहसा जीव जात नाही; धोका असतो तो पुढे. महिना-दीड महिना काही न घेतल्याने शरीराची सहनशक्ती उतरते आणि बाहेर पडलेला मुलगा पूर्वीइतकीच मात्रा घेतो, ती त्याला मारते. अशा रुग्णांना ब्युप्रेनॉर्फिन हे ओढ आवरणारे औषध चालू ठेवण्याचा सल्ला डॉक्टरांनी दिला असेल, तर निवास त्यात ढवळाढवळ करत नाही आणि चाळीस दिवसांनी मुलगा थेट घरी न जाता आधी डॉक्टरांकडे जाईल हे पाहतो.

निवास शहराबाहेर आहे. रिक्षा जाते, परंतु रिक्षावाला परतीचेही भाडे मागतो. दोन लांब खोल्या, प्रत्येकीत बारा पलंग, मध्ये ओसरी, मागे तुळशी आणि भेंडीचे वाफे. भिंतीला पोपडे आलेले असले तरी संडास स्वच्छ, आणि ते निवासीच पाळीपाळीने धुतात. पहाटे पाचला काकडआरती, मग योगासने, नाश्ता, समुपदेशकाबरोबर गटचर्चा, दुपारी विश्रांती, चारनंतर बागेत काम, संध्याकाळी भजन. जेवण साधे, खिचडी-कढी फार वेळा. गोड मात्र सढळ हाताने देतात, रविवारी शिरा, एरवी चहाबरोबर गुळाचा खडा, कारण दारू सुटलेल्या माणसाला गोडाची विलक्षण ओढ लागते. भावजींनी चाळीस दिवसांत केलेली एकमेव तक्रार चहाच्या पातळपणाची होती आणि ती खरी आहे, मी प्यायलेली आहे.

धर्माची सक्ती किती, असे अनेक जण विचारतात. आरतीला उपस्थित राहणे बंधनकारक आहे, हात जोडणे नाही. भावजींच्या तुकडीत एक मुसलमान रिक्षाचालक होता. तो ओसरीच्या टोकाला नमाज पढत असे आणि भजनाच्या वेळी सुरेख ताल धरत असे. ही उदारता विश्वस्तांच्या स्वभावातली आहे, संस्थेच्या लिखित नियमावलीत ती मला सापडली नाही, त्यामुळे उद्या विश्वस्त बदलले तर काय होईल हे सांगता येत नाही.

धर्माच्या आधाराने दारू सोडवण्याची ही पद्धत केवळ आपल्याकडची आहे असे मानण्याचे कारण नाही. विल्यम बूथ यांनी १८६५ साली लंडनच्या गरीब वस्तीत जे ख्रिस्ती सेवाकार्य सुरू केले आणि जे पुढे साल्व्हेशन आर्मी म्हणून जगभर गेले, त्यात दारुड्यांना आसरा आणि काम देणे पहिल्यापासून होते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या संघटनेचा आरंभ १९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांच्या भेटीतून झाला. दारू सोडण्याच्या त्यांच्या बारा पायऱ्यांची मुळे ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत आहेत, पण देव म्हणताना त्यांनी "आम्हाला समजला तसा देव" अशी पुस्ती जोडली आणि त्या एका पुस्तीमुळे ती पद्धत कोणत्याही धर्माच्या माणसाला वापरता आली. दुसरीकडे पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राचे उदाहरण आपल्या सर्वांना परिचित आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली ते सुरू केले. त्याचा पाया धार्मिक नाही आणि तरीही तेथे माणसे बरी होतात. तेव्हा देवाशिवाय दारू सुटतच नाही, असे जर कोणी सांगत असेल तर ते खरे नाही.

मग देवस्थानाकडे जायचे कशासाठी? माझे उत्तर गुरुवारची सभा हे आहे. निवासातले चाळीस दिवस संपतात, माणूस त्याच गल्लीत, त्याच मित्रांत, त्याच रिकाम्या संध्याकाळीत परततो, आणि रुग्णालयाकडे या संध्याकाळींचे औषध नसते. येथे दर गुरुवारी साडेसातला सभा भरते. आधी पंधरा मिनिटे भजन, मग जुने निवासी एकेक उभे राहून आपला आठवडा सांगतात, शेवटी प्रसाद. कोणी उपदेश करत नाही. एकदा एका माणसाने केवळ एवढेच सांगितले, की मंगळवारी पगार झाला आणि तो बायकोला बसस्टँडवर बोलावून तिथल्या तिथे तिच्या हाती दिला. आणि साठ माणसांनी टाळ्या वाजवल्या. प्रत्येकाला एक जुना निवासी सोबती म्हणून नेमून दिलेला असतो, त्याला येथे सेवामित्र म्हणतात, आणि त्याचा दूरध्वनी रात्री-अपरात्री उचलला जातो. या गोष्टीत चमत्कार नाही. बारा पायऱ्यांच्या पद्धतीवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या, कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०२० सालच्या आढाव्यात, २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक सहभागी पाहून, दारूपासून सातत्याने दूर राहण्याच्या बाबतीत ही पद्धत इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीची आणि काही बाबतींत सरस आढळली, आणि त्या पद्धतीचा गाभा असाच, एकमेकांना धरून राहण्याचा आहे. आपल्या गुरुवारच्या सभेवर असा अभ्यास झालेला नाही, तरी दोहोंमधले साम्य मला डोळ्यांनी दिसते.

भजनाचे काम काय, याविषयीही माझे मत बदलले. मला ते आधी वेळ काढण्याचे साधन वाटे. भावजी एकदा म्हणाले, "वहिनी, सात ते नऊ हीच माझी प्यायची वेळ. त्या वेळी तोंड आणि हात दोन्ही कशात तरी गुंतलेले पाहिजेत. टाळ वाजवताना ग्लास धरता येत नाही." यापेक्षा चांगले स्पष्टीकरण मला कोणत्याही तज्ज्ञाने दिलेले नाही.

आता दोषांविषयी. सर्वांत मोठा दोष असा, की घसरण झालेल्या माणसाला सभेत देवापुढे उभे करून क्षमा मागायला लावण्याची प्रथा येथे होती. एका पोरसवदा मुलाला तसे उभे केलेले मी पाहिले. त्याचे कान लाल झाले होते आणि पुढच्या गुरुवारी तो आला नाही, त्यापुढच्याही नाही. पुन्हा पिणे हा या आजाराचा नेहमी दिसणारा भाग आहे, मधुमेही माणसाची साखर वाढली म्हणून आपण त्याला देवापुढे उभे करत नाही. मी हे विश्वस्तांना लेखी कळवले. त्यांनी उत्तर दिले नाही, परंतु महिन्याभरात ती प्रथा ऐच्छिक झाली. ऐच्छिक म्हणजे काय, हे ज्यांनी देवळातली गर्दी पाहिली आहे त्यांना कळेल. तरी फरक पडला आहे.

दुसरी गोष्ट बायकांची. स्त्रियांसाठी निवासाची सोय नाही, आणि चौकशी केली तर "आपल्याकडे बायका पीत नाहीत" असे हसून सांगितले जाते. रुग्णांच्या पत्नींसाठी रविवारी दुपारी सत्र असते. पहिल्या सत्रात व्याख्यात्या ताईंनी पतीच्या आवडीनिवडी सांभाळण्यावर पाऊण तास घेतला. माझी जाऊ, जिने आठ वर्षे एकटीच्या पगारावर दोन मुलांच्या शाळेची फी भरली, ती खाली मान घालून साडीच्या निऱ्या मोजत होती. कुटुंबालाही स्वतंत्र आधार लागतो ही गोष्ट ॲल-ॲनॉन या दारुड्यांच्या कुटुंबीयांच्या गटाने १९५१ पासून जगाला दाखवून दिलेली आहे. त्यासाठी व्याख्यान नको असते, आपले म्हणणे कोणाला तरी सांगायला मिळावे लागते. मी आणि जाऊबाईंनी पुढची सत्रे टाळून गुरुवारच्या सभेतच मागच्या रांगेत बसायला सुरुवात केली. आता त्या रांगेत सात-आठ जणी असतात आणि सभा सुटल्यावर अर्धा तास आमचीच सभा चालते.

समुपदेशक एकच, तोही प्रशिक्षित असला तरी चोवीस माणसांना पुरा पडत नाही. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात. पैशाविषयी सांगायचे तर प्रवेशाला, निवासाला, जेवणाला काहीही घेत नाहीत. निरोपाच्या आरतीत तबक फिरते आणि त्यात काय टाकले हे कोणी पाहत नाही असे म्हणतात, पण तबक धरणारा माणूस ओळखीचा असला म्हणजे आपणच पाहतो. कार्यालयात दिलेल्या देणगीची ८०-जीची, म्हणजे प्राप्तिकरात सवलत देणारी, पावती मागितल्यावर लगेच मिळाली.

ज्यांना अशा कोणत्याही ठिकाणी आपला माणूस ठेवायचा आहे, त्यांनी नोंदणीचे प्रमाणपत्र अवश्य पाहावे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत येतात, त्यामुळे अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या संस्थेला नोंदणी लागते. साखळदंडाने बांधणे त्या कायद्याने पूर्णपणे मना आहे आणि सक्तीने मुंडन करण्यालाही मनाई आहे. येथे प्रमाणपत्र कार्यालयाच्या भिंतीवर, देवाच्या तसबिरीच्या शेजारीच लावलेले आहे. आमच्या आधीच्या ठिकाणी ते मागण्याचे आम्हाला सुचलेही नव्हते. कोठून सुरुवात करावी हेच कळत नसेल, तर केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची मदतवाहिनी विनामूल्य आहे.

भावजी एकदा घसरले. वासी उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीच्या, दुपारी शेजारच्या गच्चीवर पतंग, फिरकी आणि बाटली असे तिन्ही एकदमच आले. अंधार पडायच्या आत त्यांनी स्वतःच सेवामित्राला फोन केला. तो मकरपुऱ्याहून स्कूटरवर आला, दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांकडे घेऊन गेला आणि गुरुवारी सभेत आणून माझ्या शेजारी, मागच्या रांगेत बसवले. त्या दिवशी त्यांना कोणी उभे केले नाही. त्यानंतर आज नऊ महिने झाले. नवरात्र सुरू आहे, रस्ते रात्रभर जागे आहेत, आणि भावजींकडे सध्या सभेच्या वेळी चपला सांभाळण्याचे काम आहे.

ज्यांच्या घरचा माणूस अजून तयार नाही, त्यांनाही गुरुवारच्या सभेला एकटे येता येते. नाव विचारत नाहीत, ओळखपत्र मागत नाहीत. पुढच्या दाराने येऊ नये, तेथे सायंआरतीची गर्दी असते आणि ओळखीचे कोणी ना कोणी भेटतेच. गोशाळेच्या बाजूने एक लहान फाटक आहे, ते सव्वासातपासून उघडे असते.